संयम आमचा सुटला नव्हता

पुण्यात फुटबॉल चालत नाही, हे ऐकून ऐकून कान किटले. इथला माणूस क्रिकेटवेडा, चार सामने हरले की तो संघाकडे पाठ फिरवतो, मग रिकाम्या खुर्च्यांसमोर पैसे कोण ओतणार, असा त्याचा पुढचा विस्तार असतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये इंडियन सुपर लीगमधल्या एफसी पुणे सिटीने गाशा गुंडाळला, तेव्हाही हेच ऐकवले गेले. आजही कुठे विषय निघाला की कोणीतरी हेच म्हणतो, आणि बाकीचे माना डोलावतात.

म्हणून आधी जमाखर्च मांडतो. पुणे एफसीचा वरिष्ठ संघ 2015 मध्ये बंद झाला. त्याच वर्षी भारत एफसी एकच हंगाम खेळून गेला. डीएसके शिवाजियन्सने 2017 मध्ये आवरते घेतले. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी संपला. चार वर्षांत चार व्यावसायिक संघ. यांतला एकही संघ हरून हरून खालच्या श्रेणीत ढकलला गेला नव्हता. मैदानावर कोणी त्यांना संपवले नाही. चारही वेळा निर्णय कचेरीत झाला आणि आम्हाला बातमीतून कळला.

आम्ही म्हणजे कोण, तेही सांगायला हवे. मी देहूरोडचा. वडील डेपोत होते, मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात टूलरूममध्ये आहे. आमचे गाव लष्कराच्या डेपोभोवती वाढलेले. एका गल्लीत तमिळ, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, नेपाळी आणि मराठी घरे. संध्याकाळी युनिटच्या मैदानावर ईशान्येकडचे आणि गोरखा जवान खेळायचे आणि तारेच्या कुंपणाबाहेर आम्ही पोरे चेंडू बाहेर येण्याची वाट बघत उभी असायचो. चेंडू आलाच तर तो हाताने उचलून द्यायचा नाही, पायानेच परत मारायचा, हा आमचा अलिखित नियम. आमच्या पिढीला फुटबॉल लागला तो असा. टीव्हीवर मॅराडोना नंतर आला.

आणि एक गोष्ट पुण्याच्या पेठांतल्या लोकांच्या लक्षात येत नाही. कात्रज-देहूरोड बायपास आमच्या दारातून सुरू होतो. रावेत, पुनावळे, ताथवडे, वाकड करत तो बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलापाशी पोहोचतो. संघाच्या नावात पुणे असले, तरी तो सदाशिव पेठेपेक्षा आम्हाला जवळचा होता. निगडी, चिंचवड, पिंपरी, सांगवी, खडकीची किती माणसे त्या स्टँडमध्ये असत, हे तिथे बसलेल्यालाच ठाऊक. पहिली पाळी करून, कंपनीच्या बसमधून उतरून, घरी तोंडावर पाणी मारून परत निघणारे आमच्यासारखे बरेच होते.

पुणे एफसी 2007 मध्ये अशोक पिरामल समूहाने काढला. दुसऱ्या श्रेणीतून वर येऊन 2009-10 च्या पहिल्याच आय-लीग हंगामात तो तिसरा आला. मैदानाबाहेर कोच, गोव्याचे डेरिक परेरा, हातवारे करत उभे असत. 2012-13 मध्ये संघ चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा आला. म्हणजे हा काही हरणाऱ्यांचा संघ नव्हता. तरी आमच्या पदरी बहुतेक वेळा 'थोडक्यात हुकले' हेच यायचे. 2014 च्या ड्युरंड कपाची अंतिम फेरी गाठली आणि साळगावकरकडून 1-0 ने हरलो. विजेतेपद एकदाही नाही.

पण काय माणसे बघायला मिळाली! जपानमध्ये जन्मलेला, भारताचे नागरिकत्व घेऊन 2013 मध्ये देशाकडून खेळलेला अराता इझुमी. मिझोरामचा जेजे लालपेखलुआ. गोलपोस्टमध्ये सुब्रत पाल. आणि माझा लाडका अनस एडथोडिका. केरळातला हा बचावपटू पुण्यात चार हंगाम खेळला. चेंडू कुठे पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळायचे, त्यामुळे तो धावताना फारसा दिसायचाच नाही, तिथे आधीच उभा असायचा. भारताच्या संघात त्याला जागा मिळाली 2017 मध्ये, तिशी गाठल्यावर. आम्ही बालेवाडीत बसून 'हा इंडियाकडून का खेळत नाही' म्हणत होतो त्याला तोवर बरीच वर्षे झाली होती. टीव्हीवर त्याचा पहिला सामना बघताना आमच्या गल्लीत कोणाला नवल वाटले नाही.

हरणाऱ्या किंवा थोडक्यात हुकणाऱ्या संघामागे राहण्यात काय मिळते, असे बायकोपासून सुपरवायझरपर्यंत सगळ्यांनी विचारून झाले आहे. मिळते ते हेच. जिंकणाऱ्या संघाचा प्रेक्षक निकाल बघतो. हरणाऱ्या संघाच्या प्रेक्षकाला खेळाडू बघावे लागतात, कारण निकालात बघण्यासारखे काही नसते. कोणाचा डावा पाय सुधारला, कोण गेल्या महिन्यापेक्षा लवकर मागे परततो, कोणत्या पोराला शेवटची दहा मिनिटे मिळाली आणि त्याने त्यात एक तरी पास पुढे दिला का, याच्यावर आमचे जेवण पचते. याला कोणी संयम म्हणतो, कोणी खुळ. मला त्यात त्यागबिग काही वाटत नाही. मजा येते म्हणून माणूस जातो.

आमच्या शेजारी डेपोतून निवृत्त झालेले एक अण्णा राहतात. मूळचे वेल्लोरकडचे, पण मराठी आपल्यापेक्षा ठसकेबाज. बालेवाडीहून रात्री परत आलो की ते ओट्यावर बसलेले असायचे.

"काय रे, आज पण?"

"हो अण्णा, आज पण. दोन-शून्य."

"गोलकीपर?"

"त्याची चूक नाही. मिडफिल्डच नाही आपल्याकडे."

"मग शनिवारी?"

"शनिवारी जाणार ना."

"मला पण घेऊन जा."

एवढेच. संघ बदला, कोच हाकला, मालक चोर आहे, असली भाषा त्या ओट्यावर कधी झाली नाही. पुढचा सामना कधी, हाच खरा विषय.

2014 मध्ये आयएसएल आली आणि एफसी पुणे सिटीचा जांभळा-नारिंगी रंग बालेवाडीला लागला. मालकांमध्ये वाधवान समूह, सोबतीला सिनेमातली मोठी नावे, इटलीच्या फिओरेंतिनाशी करार. पहिल्या वर्षी दाविद त्रेझेगे आला. 1998 चा विश्वचषक जिंकलेला, 2000 च्या युरो अंतिम सामन्यात निर्णायक गोल मारणारा माणूस बालेवाडीत! त्याने आमच्यासाठी दोन गोल केले. संघ सहावा. दुसऱ्या वर्षी डेव्हिड प्लॅट कोच, रोमानियाचा आद्रियान मुटू मैदानात. संघ सातवा. तिसऱ्या वर्षी आइसलँडचा आयदुर गुड्यॉनसन येणार म्हणून पोस्टर लागले, तो हंगामाआधीच जायबंदी झाला आणि एकही सामना न खेळता परत गेला. कोच अंतोनियो हाबास. संघ पुन्हा सहावा.

तीन वर्षे, तीन कोच, तीन मोठी नावे आणि उपांत्य फेरी एकदाही नाही. दरवर्षी संघ निम्म्याहून अधिक नवा. चाहत्याला नावे पाठ होईपर्यंत हंगाम संपायचा. तरी आम्ही गेलो. नारिंगी रंग फासलेली कॉलेजची पोरे ढोल घेऊन यायची, स्वतःला ऑरेंज आर्मी म्हणवायची. बालेवाडीच्या मैदानाभोवती धावण्याचा आठ पदरी ट्रॅक आहे. त्यामुळे स्टँड आणि खेळ यांच्यात एक भली मोठी लाल पट्टी. कोपऱ्यातून फ्री किक घेणारा खेळाडू ओळखायला डोळे बारीक करावे लागतात. ढोलाचा आवाज त्या पट्टीवरून पलीकडे पोहोचायला जोर लागायचा आणि पोरे तो लावायची.

2017-18 या एका हंगामात आमच्या कष्टाला फळ आले. सर्बियाचे रांको पोपोविच कोच झाले. उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो आणि ब्राझीलचा मार्सेलिन्यो यांची जोडी जमली. गोलमध्ये विशाल कैथ. डाव्या अंगाने पळणारा आशिक कुरुनियन, मलप्पुरमचा, जो पुणे एफसीच्या अकादमीत वाढला होता. जुना क्लब बंद झाला, त्याची अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली, म्हणून हा मुलगा पुण्यात राहिला. आमच्या मते त्या संघातला खरा पुणेकर तोच. संघ चौथा आला आणि पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोहोचला. समोर बेंगळुरू एफसी, म्हणजे सुनील छेत्री.

7 मार्च 2018, बालेवाडी. तो सामना कोणी तटस्थ माणसाने पाहिला असता तर जांभया दिल्या असत्या. गोल नाही, गोलपोस्टला चेंडू लागल्याचे मोठे नाट्य नाही. पण माझ्या रांगेतला एकही माणूस मध्यंतरानंतर खाली बसला नाही. माझ्या डावीकडे भोसरीचा एक वेल्डर होता, त्याच्या शर्टाच्या बाहीला ठिणग्यांची भोके होती, म्हणजे गडी थेट कामावरून आलेला. छेत्रीकडे चेंडू गेला की तो डोळे मिटायचा आणि मला विचारायचा, "गेला का?" मी म्हणायचो, "नाही गेला." मग तो डोळे उघडायचा. संपूर्ण दुसरा हाफ आम्ही दोघांनी असा वाटून घेतला. तोंडओळखही नसलेली दोन माणसे. 0-0 झाल्यावर त्याने माझ्याशी हात मिळवला आणि 'बेंगळुरूत बघून घेऊ' म्हणून निघून गेला.

बेंगळुरूत काय झाले ते जगाने पाहिले. 11 मार्चला कांतीरवा स्टेडियमवर छेत्रीने हॅटट्रिक केली. 2-0 असताना जोनातन लुकाने फ्री किकवर एक गोल फेडला आणि शेवटच्या काही मिनिटांत आणखी एका गोलची आस लागली. अण्णा टीव्हीसमोर खुर्चीच्या टोकावर आले. मग छेत्रीचा तिसरा. 3-1. अण्णा उठले, म्हणाले, "पुढच्या वर्षी सरळ फायनल," आणि झोपायला गेले.

पुढच्या वर्षी काय आले? कोच मिगेल आंखेल पोर्तुगाल सुरुवातीलाच गेले, मग प्रद्युम रेड्डींनी हंगामी गाडा ओढला, मग इंग्लंडचे फिल ब्राउन आले. संघ सातवा. आर्थिक अडचणींच्या बातम्या येऊ लागल्या. आणि ऑगस्टमध्ये लीगमधली पुण्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतल्याचे जाहीर झाले. कोच ब्राउन आणि काही खेळाडू तिकडे गेले. आम्हाला न्यायची काही तरतूद नव्हती. जांभळा टी-शर्ट माझ्याकडे अजून आहे. गाडी धुताना घालतो.

पुढची कथा तर अधिकच बोलकी आहे. हैदराबाद पहिल्या हंगामात तळाला राहिला. पण त्यांनी मानोलो मार्केस नावाचा कोच आणला, त्याला टिकवले, तरुण पोरांना खेळवले. 20 मार्च 2022 रोजी फातोर्ड्यात, केरळा ब्लास्टर्सविरुद्ध 1-1 नंतर पेनल्टीवर हैदराबादने आयएसएलचा कप उचलला. गोव्याच्या लक्ष्मीकांत कट्टीमणीने पेनल्टी अडवल्या. पुण्यातून गेलेला निखिल पुजारी त्या संघात होता. कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, जो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. मला त्या रात्री असूया वाटली, खोटे कशाला बोलू? पण कीव यावी असे पुढे घडले. त्या क्लबचेही पैसे आटले, 2023-24 मध्ये अख्ख्या हंगामात एक विजय मिळवून तो तळाला गेला, आणि 2025 मध्ये ती जागा दिल्लीला गेली. पुणे, हैदराबाद, दिल्ली. सात वर्षांच्या आत एका जागेने तीन शहरे पालथी घातली. जिंकलेल्यांनाही कोणी थांबवून घेतले नाही. म्हणजे पराभव हे कारण कधी नव्हतेच.

हे फक्त फुटबॉलचे आहे असेही नाही. देहूरोडहून गहुंज्याचे क्रिकेट स्टेडियम हाकेच्या अंतरावर. तिथे पुणे वॉरियर्स आले आणि 2013 मध्ये गेले. मग रायझिंग पुणे दोन वर्षांच्या बोलीवर आले. 2017 ची आयपीएलची अंतिम लढत एका धावेने हरले आणि संपले, कारण बोलीच तेवढी होती. क्रिकेटवेड्या पुण्यात क्रिकेटचा संघही टिकला नाही. मग 'इथे फुटबॉल चालत नाही' याला काय अर्थ उरतो?

आता मालकांची बाजू. ती मला कळते, कारण कारखान्यात काम करतो, तोटा म्हणजे काय हे रोज बघतो. आयएसएलचे क्लब चालवणे हा आतबट्ट्याचा धंदा आहे, हे उघड गुपित आहे. परदेशी खेळाडूंचे पगार, प्रवास, मैदानाचे भाडे, लीगची फी, आणि समोर प्रक्षेपणाचे तुटपुंजे उत्पन्न. वर सगळा डोलारा एका करारावर उभा होता. 2010 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पंधरा वर्षांसाठी व्यापारी हक्क दिले, ती मुदत संपत आली आणि 2025 च्या जुलैत नवा हंगाम थांबवल्याचे जाहीर झाले. खेळाडू, कोच, मैदानाचे कर्मचारी, सगळेच टांगणीला लागले. मालकाने कायम तोटा सोसावा, असे म्हणणारा मी कोण? ज्याला परवडत नाही त्याने जावे.

प्रश्न जाण्याच्या पद्धतीचा आहे. आमच्या पट्ट्यात कारखाने बंद पडलेले आम्ही पाहिले आहेत. मोठा कारखाना बंद करायचा तर सरकारची परवानगी मागावी लागते, गेटवर नोटीस लागते, युनियनशी बोलणी होतात, हिशेब द्यावा लागतो. कायदा कितपत पाळला जातो हा वेगळा विषय, पण निदान कामगार हा या व्यवहारातला एक पक्ष आहे हे कागदावर मान्य आहे. क्लबच्या बाबतीत चाहता कुठल्याच कागदावर नाही. तिकिटाचे पैसे घेताना तो 'बारावा खेळाडू' असतो, आणि क्लब बंद करताना नुसता गिऱ्हाईक.

जगात सगळीकडे असेच असते असे समजू नका. जर्मनीत 1998 पासून नियम आहे की क्लबच्या मतांपैकी अर्ध्याहून एक जास्त मत सभासदांकडेच राहिले पाहिजे. एकदोन अपवाद सोडले तर तिथे कोणी धनिक उठून क्लब दुसऱ्या गावाला नेऊ शकत नाही. इंग्लंडमध्ये हा नियम नाही, तेव्हा 2002 मध्ये विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली. चाहत्यांनी काय केले? विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक माळावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली, स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला आणि तळाच्या श्रेण्यांतून सुरुवात केली. नऊ वर्षांत, 2011 मध्ये, तो क्लब व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला आणि 2020 मध्ये प्लाउ लेन या आपल्या जुन्या पत्त्यावर परतला.

एवढ्या लांब कशाला, कोलकात्याकडे बघा. ईस्ट बंगाल 2020 मध्ये आयएसएलमध्ये आला आणि पहिल्या पाच हंगामांत नववा, अकरावा, नववा, नववा, नववा आला. संयम म्हणतात तो हा! पण 2021 मध्ये गुंतवणूकदाराशी करारावरून क्लब अडचणीत आला, तेव्हा चाहते क्लबच्या दारात उतरले, लाठ्याही खाल्ल्या. मोहन बागानच्या नावाआधी 'एटीके' लागले ते चाहत्यांनी तीन वर्षे खपवून घेतले नाही. अखेर 2023 मध्ये ते काढावे लागले. मालकाला माघार घ्यावी लागली, कारण समोर 1889 पासूनची सभासदांची संस्था होती.

आणि आपल्याच महाराष्ट्रात कोल्हापूर आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. ही तालमींची आणि मंडळांची नावे आहेत. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की अर्धे शहर तिथे असते. त्या संघांनी किती हंगाम वाईट काढले असतील! पण कोणी सकाळी उठून दिलबहार सांगलीला हलवल्याचे कधी ऐकले आहे? हलवणार कोण? तालीम गल्लीची. तिथे पैसा कमी आहे, दर्जाही आयएसएलचा नाही, भांडणेही चिक्कार होतात. तरी एक गोष्ट आहे, जी बालेवाडीत एकाही संघाला मिळाली नाही. पुढच्या वर्षीही आपला संघ असेल याची खात्री.

संयमाला एवढी खात्री पुरते. संघ हरतो, ते चालते. वाईट खेळतो, तेही चालते. पण संघ असणारच नाही, अशी शंका एकदा मनात शिरली की कोण कशासाठी थांबेल? आज चिंचवडमधल्या कॉलेजच्या पोरांच्या अंगावर मँचेस्टर आणि माद्रिदचे टी-शर्ट दिसतात, त्यांना मी नावे ठेवत नाही. त्यांनी शहाणपणाचा निर्णय घेतला आहे. तो क्लब निदान उद्या सकाळी असेल.

मग करायचे काय? मला तीन गोष्टी सुचतात, आणि तिन्हींना फार पैसे लागत नाहीत. आपल्याकडे क्लबला परवाना देण्याची पद्धत आहे, आशियाई महासंघाने घालून दिलेले निकष आहेत. त्यात एक कलम वाढवा. क्लबचे नाव, रंग, चिन्ह आणि आजवरच्या नोंदी शहराच्या नावाने राहतील, मालक गेला तरी त्या विकता येणार नाहीत. उद्या कोणी नवा आला तर त्याला शून्यातून सुरुवात करावी लागू नये, आणि आम्हालाही नवे रंग शिकायला लागू नयेत.

दुसरे, संकुल सरकारी आहे, आसपासची मैदाने दोन महापालिकांची आहेत. ती व्यावसायिक संघाला देताना किमान मुदतीचा करार आणि अकादमीची हमी ठेव मागा. वरिष्ठ संघ बंद पडला तरी चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांचा हंगाम पुरा झाला पाहिजे. एका बंद झालेल्या क्लबची अकादमी दुसऱ्याने सांभाळली, म्हणून आशिक पुढे भारताकडून खेळला. प्रत्येक वेळी असा दुसरा कोणी असेलच असे नाही.

तिसरे, क्लबच्या संचालक मंडळात चाहत्यांचा एक माणूस बसवा. त्याला नकाराधिकार नको, फक्त खुर्ची आणि कागद वाचायचा हक्क द्या. वाईट बातमी त्याला आधी कळली तर निदान बोलायला वेळ मिळेल. भोसरीचा तो वेल्डर या जागेसाठी मला चालेल. ताळेबंद त्याला समजावून सांगायला आमच्या गल्लीत निवृत्त हिशेबनीस पुष्कळ आहेत.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडची मिळून लोकसंख्या युरोपातल्या कित्येक फुटबॉलवेड्या शहरांपेक्षा जास्त आहे. इथे लष्कराची छावणी आहे, गोवा-केरळ-ईशान्येतून आलेली पोरे आहेत, क्रीडा प्रबोधिनी आहे, शाळांच्या स्पर्धा आहेत आणि दर रविवारी जिल्हा लीगचे सामने होतात, जिथे बघायला कोणी नसते. तिथून सुरुवात करायला हरकत नाही. तुमच्या जवळच्या मैदानावर या रविवारी कोण खेळतेय ते विचारा आणि जाऊन उभे राहा, तिकीटही लागत नाही.

आणि कधी ना कधी कोणी नवा मालक बालेवाडीत येईल, नवा रंग, नवे गाणे, नवा परदेशी तारा घेऊन. त्याला कोणता खेळाडू आणणार हे नंतर विचारा. पत्रकारांनी, नगरसेवकांनी, आपण सगळ्यांनी पहिला प्रश्न एकच विचारावा. किती वर्षांसाठी आलात, आणि ते लिहून देता का? लिहून देणार नसेल तर त्याला मैदान देऊ नका.